मामांनी जुळवलेले मासे

मामा सांगलीच्या स्टँडवर रत्नागिरीच्या एसटीतून उतरले, तेव्हा त्यांच्या कडेवर काचेची बरणी होती. लहान मूल घ्यावं तशी. बरणीत दोन मासे... काळे-पांढरे पट्टे, बोटाएवढे, हुबेहूब सारखे.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी सांगलीला कॉलेजात होते. मामांना घेऊन पलूसच्या गाडीत बसले. खिडकीतून ऊन यायला लागलं, तसा मामांनी डोक्याचा पटका सोडून बरणीला गुंडाळला.

पलूसच्या आमच्या घरात समुद्र होता. दोन फूट लांब, एक फूट रुंद. आबा, म्हणजे माझे वडील, अठरा वर्षं नौदलात होते. आजोबा गेल्यावर ऊस बघायला परत आले... आणि गप्प झाले. बोलायचे ते फक्त त्या काचेच्या टाकीबद्दल.

समुद्राचं पाणी त्यांच्या रत्नागिरीच्या जुन्या सोबत्याकडून कॅनमधून यायचं. वीज गेली की हवेचा पंप बंद पडायचा. मग आबा ट्रकच्या ट्यूबमध्ये भरून ठेवलेली हवा नळीनं हळूहळू पाण्यात सोडायचे.

पण मासे टिकत नव्हते. दोनदा टाकी रिकामी झाली होती. या खेपेला जगले तर जगले, नाहीतर टाकीत कोथिंबीर लावू, असं आबा म्हणाले. सहज म्हणाले... पण भाकरी थापता थापता आईचा हात थांबला. टाकी गेली तर आबा कशाबद्दल बोलणार, हे तिला माहीत नव्हतं.

म्हणून मासे निवडायला तिनं आपल्या भावाला पाठवलं. मामा कवठे महांकाळचे. खिलार बैलांची जोडी जुळवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. उंची, रंग, चाल... बैल घ्यायचा असला की लोक त्यांना बाजारात घेऊन जायचे.

"दाजी, आशी जोडी घावायची न्हाई," बरणी टेकवत मामा म्हणाले. "शेपटी बगा, पट्टं बगा. सुताचा फरक न्हाई."

"दादा, नांगराला जुंपायची हायती व्हय?" आई म्हणाली.

चौथ्या दिवशी एकाची शेपटी फाटली होती. सहाव्या दिवशी तो तळाशी आडवा पडला. दुसरा टाकीभर रुबाबात फिरत होता.

मामांना निरोप गेला. ते आले. नवा बैल पारखताना बसायचे तसे दिवसभर टाकीपुढं उकिडवे बसून राहिले. दुपारी त्यांनी माझ्याकडे आबांचा दाढीचा आरसा मागितला आणि काचेला लावून धरला. मासा आरशावर धावून गेला. पुन्हा पुन्हा. आरसा काढला की शांत... समुद्राच्या पाण्याबरोबर आलेला शंखातला खेकडा त्याच्या पोटाखालून गेला, तरी त्यानं ढुंकून पाहिलं नाही.

"चुकलं माजं, दाजी. ह्येला दुसऱ्या कुनाचं काय न्हाई. ह्येच्यागत दिसनारं तेवढं नगं."

पण आबांनी कोथिंबिरीचं बी आणलं नाही.

पुढच्या अमावस्येला ओहोटी मोठी असते म्हणून मामा स्वतःहून रत्नागिरीला गेले. चौथ्या दिवशी आले ते दोन बरण्या घेऊन. एकीत चिखलाच्या रंगाचा, ठिपक्यांचा, बटबटीत डोळ्यांचा मासा. दुसरीत एक कोळंबी... एक नांगी मोठी, एक लहान.

आबा बघत राहिले. "ही कसली जोडी, पावणं?"

"एका बिळातनं निगाली दोगं. दोन दिस गुडघाभर पान्यात हुबा हुतो. ह्या डोळ्यांनी बगितलंय."

"तो खाईल तिला."

"खाल्ली तर माजी मिशी काडा."

संध्याकाळी दोघांना टाकीत सोडलं. कोळंबी वाळूत शिरली. मासा कोपऱ्यात टेकून राहिला. बराच वेळ काहीच झालं नाही... आई पिठाच्या हातानं दारात येऊन उभी राहिली.

मग वाळू हलली. कोळंबी पुढ्यातले खडे ढकलत बाहेर आली. मासा सरकत सरकत बिळाच्या तोंडाशी गेला आणि तिथं बसला. कोळंबीची लांब मिशी त्याच्या शेपटीवर टेकलेली. आधीचा पट्टेवाला मासा जवळ आला. ठिपकेवाल्यानं शेपटी हलवली, कोळंबी आत गेली. पट्टेवाला क्षणभर थांबला... आणि आपल्या वाटेनं निघून गेला.

"तिला धड दिसत न्हाई," मामा हळू आवाजात म्हणाले. "ती खनती. ह्यो राखन करतो."

आबा हसले. मग बोलायला लागले. कुठल्याशा बंदराचं, तिथल्या उथळ पाण्याचं, बोटीवरच्या माणसांचं... आम्ही कधीच न ऐकलेलं. भाकरी गार झाली. आईनं कुणाला उठवलं नाही.

ते तिघं आमच्याकडे दोन गळीत हंगाम जगले. नंतरही टाकीत मासे आले, पण सारखे दोन कधीच आले नाहीत. आबा मात्र पुन्हा गप्प झाले नाहीत.

पुढं मला स्थळं यायला लागली. मामा मुलाची उंची, रंग, शिक्षण माझ्याशी ताडून बघतील असं सगळ्यांना वाटलं होतं. त्यांनी समोर बसलेल्या मुलाला एकच विचारलं, "खनाय येतं का राखाय?"

मुलगा गोंधळला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "त्यांना जे येत नसेल, ते मी शिकेन."

लग्नाला पन्नास वर्षं होत आली. आम्ही आलटून पालटून दोन्ही करतो... मामा, तुमची ही जोडीही टिकली.