रुखमाबाईच्या अंगणातली दोन मिनिटं

संघदीपले घाटंजीत कोणी झेरॉक्सवाला म्हणते, कोणी रेडिओवाला. मी बयताड म्हणते, म्हणजे येडपट. माहा सख्खा भाचा आहे, मले हक्क आहे.

बसस्टँडजवळ त्याचं झेरॉक्सचं दुकान, अन् मागच्या खोलीत त्याचा रेडिओ. रेडिओ म्हणजे काय, तर एक कॉम्प्युटर. त्याच्यात तो वंदना, भीमगीतं, गावच्या बातम्या अशी रांग लावून ठेवते, अन् ते इंटरनेटवरून एकामागून एक वाजत राह्यते. पुण्या-सुरतेकडं कामाले गेलेली आपली पोट्टी मोबाइलवर ऐकतात. बातम्या मीच सांगते. माहा आवाज असा की माइक नसला तरी चालते! संघदीपचं तर असं की रेडिओ अडकला म्हणजे भरल्या ताटावरून उठते. मागच्या उन्हाळ्यात एकदा रेडिओ दिवसभर मुका पडला होता अन् याले पत्ताच नाही. तवापासून त्यानं काहीतरी जुगाड करून ठेवला, म्हणे आता बंद पडणारच नाही.

यंदा रुखमा गेली. माही शेजारीण, जिवाभावाची. तिचा राजदीप मस्कतले हॉटेलात स्वयंपाकी. मालकानं सुट्टी देल्ली नाही. मातीले आला नाही, मागाहूनच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमालेही जमेना. फोनवर पोट्टं रडेही नाही, नुसतं "हो मावशी, हो मावशी". मले त्याचीच धास्ती बसली. एक दिवस म्हणाला, "कार्यक्रम रेडिओवर लावा. मौनाले तुम्ही सगळे उभे राहाल, तवा मीही इकडं उभा राहीन. तेवढं तरी करू द्या मले."

कार्यक्रमाची फाइल काय, मोबाइलवरही धाडता आली असती. पण ज्यानं त्यानं आपापल्या वेळेवर ऐकणं वेगळं अन् सगळ्यांनी एकाच वेळी उभं राहणं वेगळं.

सकाळी विहारात कार्यक्रम झाला, संघदीपनं रेकॉर्ड केला. संध्याकाळी राजदीपले घटकाभर मोकळीक भेटे, तवा लावाचा होता. दुपारी आम्ही एकदा वाजवून पाह्यला. त्रिशरण झालं, पंचशील झालं, माहं भाषण झालं. "आता आपण दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून..." थोडा वेळ शांत गेला, अन् एकदम हळदीचं गाणं! ढोलताशासकट!

"अरे, मयतीवर हळद लावतं का लेका?" मी तर पेटलीच.

संघदीपनं कार्यक्रम रांगेत वर नेला, खाली नेला. फाइल नवी टाकली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. नेमकं मौन आलं की हळद हजर! मोबाइलवर तीच फाइल शेवटपर्यंत नीट वाजे.

"मोबाइलवर वाजते, मंग तुह्या डब्ब्याले काय धाड भरली?"

तो डोकं धरून बसला. मंग हळूच म्हणाला, "मावशी, मौनात माइक बंद केलता का वं?"

"हो तं! मौनात माइक बंदच करतात, रीतच आहे आपली."

"घ्या! म्हणजे आवाजच नाही. अन् मीच याले सांगून ठेवलं, जरा वेळ आवाज नाही आला तर रेडिओ बंद पडला समज अन् राखीव गाणं लाव. ते राखीव गाणं हळदीचं."

काखेत कळसा अन् गावाले वळसा!

"मंग काढ ना तो नियम."

"काढतो. पण काहीच ऐकू नाही आलं तर राजदीप नेट गेलं समजन. मोबाइल हलवत बसन का उभा राहीन?"

हे मात्र पोट्टं खरं बोललं. मी म्हटलं, "चाल. माइक चालू ठेवून पुन्हा उभं राहू. रुखमाच्याच अंगणात."

शेजारपाजारच्या बाया बोलावल्या. माइक लावला, सगळ्या माना खाली घालून उभ्या. अन् तेवढ्यात कुठची एक बाई बादली घेऊन आली अन् अंगणाच्या कडेचा हातपंप हापसाले लागली. कर्रर-खट, कर्रर-खट. तिले बिचारीले काय ठाऊक! माहा जीव नुसता तळमळला. जन्मात कधी तोंड बंद ठेवलं नाही, अन् ठेवलं तवाच हे! मौन सरल्याबरोबर मी तिच्यावर धावणार होती, पण संघदीप म्हणाला, "राहू दे मावशी, आता वेळ नाही. हेच जोडून लावतो." हळदीचं गाणं मात्र मी समोर उभं राहून काढाले लावलं.

संध्याकाळी बाया आपापल्या घरी मोबाइल लावून उभ्या, अन् मागच्या खोलीत आम्ही दोघं. "...स्तब्ध उभं राहून..." कर्रर-खट. संघदीपच्या कपाळावर घाम. कर्रर-खट. दोन मिनिटं पुरी झाली, सगळ्यांचा "साधू, साधू, साधू" ऐकू आला, अन् जीव भांड्यात पडला बाप्पा! संघदीप खुर्चीत पसरला अन् खुदखुद हसाले लागला. त्याले पाहून मीही हसली.

तेवढ्यात राजदीपचा फोन. हमसून हमसून रडाले लागला. मी म्हटलं, "रड बावा, रड." मलेही आवरेना, पण छातीवरचा धोंडा उतरला.

बऱ्याच वेळानं म्हणाला, "मावशी, आपला हातपंप वाजला. असं वाटलं, सकाळ झाली, आई पाणी भरून राह्यली, अन् मी अजून खाटेवरच पडून आहो."

दुसऱ्या दिवशी पाहते तं संघदीप तेलाची कुपी घेऊन पंपाकडं निघालेला. म्हणे, पुढच्या वेळी रेकॉर्डिंगमधी खरखर नको. मी त्याच्या हातातून कुपी हिसकून घेतली.

"बयताडा, हात नको लावू त्याले. चाल, चहा पी."