नाव पुरं झालं त धनुष्य तुमचं

मंडळी, आज सकाळी अमरावतीच्या मैदानावर माझा चांगलाच पचका झाला. ऐका.

जुनं धनुष्य तडकलं, नवं घ्यायचं होतं. वय चौसष्ट, पण मले चाळीस पौंड ताणाचंच पायजे. तरुणपणी तेच ओढत होतो ना! आता खांदा दुखते, पण सांगायची लाज. त्यात सुमन, म्हणजे आमची सौ., बाजूलेच बसून.

धनुष्यं विकणारे माझे जुने जोडीदार नानाभाऊ म्हणाले, "दोरी गालापर्यंत ओढा अन् तशीच धरून वहिनीच्या नावाचा उखाणा घ्या. नाव पुरं झालं त धनुष्य तुमचं."

ओढली. "बांबूचं धनुष्य, पिसाचा बाण..." खांद्यानं दगा दिला, दोरी हळूहळू परत सैल करावी लागली. सुमनपर्यंत पोचलोच नाही.

नानाभाऊंनी गुपचूप अठ्ठावीस पौंडाचं हातात दिलं.

"बांबूचं धनुष्य, पिसाचा बाण, सुमनचं नाव घेतो, राखून तिचा मान!" मग आरामात बाण सोडला.

तो कुठं लागला, कोणीच पाहिलं नाही. सुमन पदर तोंडाले लावून हसून राहिली होती. "हेच घ्या," म्हणे, "लग्नात बी इतकं साफ नाव नोतं घेतलं तुमी."

माझ्या वयाच्या तिरंदाजांनो, खरं सांगा, घरच्यांचं नाव किती पौंडावर पुरं होते तुमचं?