श्याम पेठकरांचं पेडल

ऑकलंडच्या मराठी मंडळींत श्याम पेठकर हे नाव माहीत असणारे थोडे. पण "मागे ड्रम वाजवतात ना, ते," असं म्हटलं की सगळ्यांना ओळख पटायची. यात श्यामला कमीपणा वाटत नसे, उलट बरंच वाटायचं. २०११ साली बायको मृणालिनी आणि आठ वर्षांची सिद्धी यांना घेऊन तो लिफ्टच्या देखभालीच्या नोकरीवर पुण्याहून इथे आला, तेव्हा त्याला कसलीच ओळख नव्हती. शेजारी हसून हात करायचे. कामावरची माणसं शुक्रवारी 'हॅव अ गुड वीकेंड' म्हणायची, आणि मग सोमवार उजाडेपर्यंत घराबाहेरचं कुणीही त्याच्याशी एक शब्द बोलायचं नाही. रविवार तर अंगावर यायचा.

त्या रविवारांतून त्याला बाहेर काढलं मोहन दातारांनी, तेही सँडरिंगहॅमच्या वाणसामानाच्या दुकानात. मृणालिनी भेंडी निवडत होती आणि श्याम कंटाळून कणकेच्या पोत्यावर बोटांनी ठेका धरत होता. मागे रांगेत उभे असलेले मोहनराव म्हणाले, "तबला वाजवता का हो?" श्यामनं हो म्हणायचा अवकाश, त्यांनी त्याला मंडळाच्या दिवाळीच्या ऑर्केस्ट्रात ओढलं. तबलजी त्यांच्याकडे होते, ड्रमवाला नव्हता. आदला वेलिंग्टनला निघून गेला होता. "हात चालतो ना, मग पायही चालेल," असा मोहनरावांचा हिशोब.

पाय सहजासहजी चालला नाही, आणि कारण तालाचं नव्हतं. श्याम ज्या गुरुजींकडे तबला शिकला होता, तिथे चपला जिन्याखाली काढाव्या लागत, आणि चुकून वाद्याला पाय लागला तर कान पकडून नमस्कार. इथे तर सगळ्यात मोठा ड्रम चक्क पायानं वाजवायचा! पहिल्या तालमीला तो पेडलकडे नुसता बघत बसला होता. शेवटी त्यानं स्वतःशी तडजोड केली, की लागायचाच असेल तर धुतलेला, अनवाणी पाय लागू दे. तेव्हापासून तो ड्रमवर बसताना बूट, मोजे सगळं काढून बसायचा. ड्रमसेटही मग त्याच्याच पापाटोएटोच्या गॅरेजमध्ये येऊन राहिला, कारण मोहनरावांच्या माउंट रॉस्किलच्या घराला भिंतीला भिंत लागून शेजार होता. दर रविवारी दुपारी बारा-पंधरा माणसं गॅरेजच्या दाराशी चपला-बुटांचा ढीग घालून आत यायची. मृणालिनी पोहे करायची, मोठ्या पातेल्यात चहा उकळायचा, कुणाची मुलं हॉलमध्ये कार्टून बघायची. ज्या घरात रविवारी भिंती खायला उठायच्या, त्या घरात बसायला जागा पुरेना.

अशी सहा वर्षं गेली, आणि २०१७च्या जुलैमध्ये ऐन तालमीत पेडलचा पट्टा तुटला. मंडळानं सेट जुनाच घेतलेला, पेडल त्याहून जुनं. दुरुस्तीच्या पलीकडे गेलं होतं.

आता पुण्याचा इंजिनियर माणूस नवीन वस्तू घेणार म्हणजे काय होतं ते सांगायला नको. श्यामनं एक्सेल शीट केलं. एक साखळी की दोन, बेअरिंग कुठलं, स्प्रिंगचा ताण किती, ड्रमवर आदळणारा ठोकळा फेल्टचा की लाकडाचा, सगळ्याचे रकाने. मृणालिनी म्हणाली, "अरे, एवढा विचार तू लग्न ठरवताना केला नव्हतास." तीन आठवडे अभ्यास करून त्यानं दोन साखळ्यांचं, जाड पत्र्याचं, दणकट पेडल नक्की केलं. हल्ली शनिवारीही अर्धा दिवस काम असायचं; ते आटोपून तो थेट वाद्यांच्या दुकानात गेला. दुकानदार हेमी नावाचा साठीचा माओरी, म्हणजे इथल्या मूळ लोकांतला माणूस, अंगानं भरभक्कम, आणि इथल्या ऑगस्टच्या ऐन थंडीत अर्ध्या चड्डीवर आपल्याच दुकानात अनवाणी फिरत होता. 'दुकानात तरी काही घालावं माणसानं,' असं श्यामच्या मनात आल्याशिवाय राहिलं नाही. हेमीनं पाच-सहा पेडलं दाखवायची तयारी केली, पण श्यामचं आधीच ठरलं होतं. स्टुलावर बसून त्यानं दहा-बारा ठोके मारले. पेडल असं लोण्यासारखं चाललं की तो खूश होऊन घरी आला.

घरी मात्र तेच पेडल हटून बसलं. त्यावर पाय दाबावा तर ते वर ढकलत होतं. नुसत्या घोट्यानं भागेना, मांडीतून जोर लावावा लागे, आणि तोवर ठोका निसटलेला असे. श्यामनं स्प्रिंग सैल केली, तर ठोकळा परत यायचं नाव घेईना. पुन्हा आवळली, तर दोन गाण्यांत पोटरीला गोळा. पेडलच्या पाटीवर पकडीसाठी उठवलेली खडबडीत नक्षी तळव्याला टोचायची, ते वेगळंच. मुख्य गायिका दमयंतीबाई दर कडव्याला मागे वळून त्याच्या पायाकडे बघू लागल्या. त्यांची ती मान वळली की श्यामचा पुढचा ठोकाही चुकायचा. सिद्धी आता चौदा वर्षांची होती आणि या वयात मुलांना खोटं बोलण्याचा भारी कंटाळा असतो. ती म्हणाली, "बाबा, किक इज लेट. लाइक, हीप्स. म्हणजे खूपच."

आपलं वय झालं, असं श्यामनं मनाशी धरलं. सत्तेचाळिसावं चालू होतं. पेडल उत्तम आहे हे एक्सेल सांगत होतं, दुकानात ते उत्तम चाललं होतं, तेव्हा दोष आपल्या पायातच असणार.

सप्टेंबरच्या एका रविवारी तालीम संपल्यावर मोहनरावांनी त्याला बाजूला घेतलं. "श्याम, राग मानू नका. वेदांत ऑक्टोपॅड वाजवतो. सगळे आवाज हातानं निघतात त्यात, पायाचा प्रश्नच नाही, आणि आवाज हवा तेवढा कमी करता येतो. पुढच्या रविवारी दोन्ही ऐकू आणि ठरवू. आणि ऑक्टोपॅडच ठरला तर तालमी माझ्या लाउंजमध्येच करता येतील. वहिनींनाही किती वर्षं त्रास द्यायचा?"

मोहनराव मनापासून बोलत होते, म्हणून तर ते जास्त लागलं. सगळे गेल्यावर मृणालिनी कपबशा विसळत होती. श्यामनं तिला सांगितलं. तिनं हातातली बशी पुन्हा एकदा विसळली. मग म्हणाली, "मला त्रास होतो असं कुणी सांगितलं त्यांना?" आणि नळ बंद न करताच आत निघून गेली. तेव्हा श्यामला कळलं की प्रश्न एका ड्रमचा नाहीये. पुढच्या रविवारनंतर हे घर पुन्हा पहिल्यासारखं गप्प होणार होतं.

शनिवारी काम संपल्यावर तो पेडल घेऊन दुकानात गेला. परत करायचं आणि विषय संपवायचा, एवढंच डोक्यात. हेमीनं 'किया ओरा' म्हणून हसून स्वागत केलं आणि पेडल उलटंसुलटं करून पाहिलं. "यात तर काही बिघडलेलं नाही. वाजवून दाखव जरा."

श्याम स्टुलावर बसला आणि वाजवू लागला. पेडल मुकाट्यानं चाललं, ठोका जिथल्या तिथे. त्याला लाज वाटायची वेळ आली.

"तू छान वाजवतोस की, ब्रो," हेमी म्हणाला.

"इथे वाजतं. घरी नाही वाजत."

दुसरा कुणी दुकानदार असता तर हसला असता, किंवा पावती मागितली असती. हेमीनं दुसरं स्टूल ओढलं आणि समोर बसला. "बरं, मला सांग, घरी तू कसा वाजवतोस?"

"असाच."

"असाच नाही. दारातून आत येतोस तिथपासून सांग."

श्याम सांगू लागला. गॅरेजचं दार उघडतो. हातपाय धुऊन आलेला असतो. बूट बाहेर—

इतकं बोलून तो थांबला. हेमीची नजर त्याच्या पायांकडे गेली होती, आणि त्याचीही गेली. त्याच्या पायात कामावरचे बूट होते. पुढे पोलादी टोपी, खाली जाड तळ, एकेक बूट किलोभराचा. पहिल्या वेळीही तो असाच कामावरून थेट आला होता. त्या बुटाच्या नुसत्या वजनानंच पेडल खाली जात होतं, आणि नक्षी तळव्यापर्यंत पोचतच नव्हती. एक्सेलमध्ये सतरा रकाने भरणाऱ्या या शहाण्यानं पायात काय असणार याचा एकही रकाना केला नव्हता!

"मग बूट इथे का नाही काढलेस?" हेमीनं विचारलं.

"दुकान आहे. परका देश. बरं दिसलं नसतं," श्याम म्हणाला, आणि हेमीच्या अनवाणी पायांकडे बघून त्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. मग त्यानं सगळंच सांगून टाकलं. गुरुजींचा जिना, वाद्याला लागलेला पाय, धरलेले कान. हे इथल्या कुणाला त्यानं आजवर सांगितलं नव्हतं. हसतील अशी भीती होती.

हेमी हसला नाही. "आमच्या सभाघरातही बूट बाहेरच काढतात," तो म्हणाला. "काढ ते. मोजेसुद्धा."

मग त्यानं चार पेडलं ओळीनं मांडली आणि त्यांच्या नावांवर चिकटपट्ट्या लावल्या. दहा ठोके नाही, दहा-दहा मिनिटं वाजवायचं. डोळे मिटून, आणि तोंडानं म्हणत. काय म्हणू, असं श्यामनं विचारलं, तर म्हणाला, "तुझ्या गुरूनं शिकवलं ते." श्याम त्या दुकानात केहरवा म्हणू लागला, धागेनाती नकधिन, आणि त्यावर पाय टाकू लागला. पहिलं पेडल पायाच्या पुढे धावायचं, दुसरं रेंगाळायचं. तिसऱ्यावर तो वाजवत राहिला, आणि दहा मिनिटं कधी झाली ते हेमीला सांगावं लागलं. चौथ्याची पाटी आखूड होती, टाच खाली लोंबायची. डोळे उघडून पाहतो तर तिसरं पेडल सगळ्यांत साधं. साखळीबिखळी नाही, एकच पट्टा, आणि गुळगुळीत लांब पाटी.

"फक्त एक पट्टा?" त्याच्यातल्या इंजिनियरला राहवेना.

"तुला दोन साखळ्या वाजवायच्यात की गाणं?" हेमी म्हणाला. स्प्रिंग त्यानं स्वतः जुळवून दिली, ठोकळा दोन बोटं ड्रमच्या जवळ आणला, कारण अनवाणी पायाचा झोका आखूड असतो म्हणाला, आणि दोन साखळ्यांचं पेडल बदलून घेतलं. एका शनिवारचे दोन तास त्यानं श्यामच्या तळपायांवर घालवले. श्याम गाडीत येऊन बसला तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते. एवढ्याशा गोष्टीला रडायचं काय, असं स्वतःला दटावूनही ते थांबले नाहीत.

रविवारी आधी वेदांतचा ऑक्टोपॅड झाला. पोरगं खरंच छान वाजवत होतं आणि श्यामनं मोकळ्या मनानं दाद दिली. मग श्याम बसला. दमयंतीबाईंनी मुद्दाम सगळ्यात द्रुत लयीचं गाणं काढलं. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, तिसरंही झालं, आणि त्यांची मान एकदाही मागे वळली नाही. गाणं संपल्यावर मोहनराव काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "वेदांत, तू ऑक्टोपॅडवर साइड रिदम घे. मला मागे श्याम लागतात." मृणालिनी दारात ट्रे घेऊन उभी होती. "पोहे गरम आहेत, आधी खाऊन घ्या," एवढंच ती म्हणाली, पण आवाज जरा जास्तच मोठा निघाला.

दिवाळीचा कार्यक्रम झाला, चांगला झाला. श्यामच्या आग्रहावरून हेमी आला होता आणि तिसऱ्या रांगेत, इस्त्रीच्या शर्टात, एकही शब्द न कळता शेवटपर्यंत बसला होता. आपल्याकडे आभारप्रदर्शन म्हणजे लोकांनी जेवणाच्या रांगेकडे सटकायची वेळ. मोहनरावांची यादी लांबलचक होती. ती संपता संपता श्याम ड्रममागून उठला आणि त्यांच्याकडून माइक मागून घेतला. सहा वर्षांत तो माइकवर एक अक्षर बोलला नव्हता. दाराशी पोचलेली माणसंही कुतूहलानं थांबली.

तो आधी इंग्रजीत सुरू झाला, मग अडखळला, आणि शेवटी सिद्धीला हाक मारून म्हणाला, "मी मराठीत बोलतो, तू त्यांना सांग." ती लाजत येऊन उभी राहिली.

"या देशात आल्यापासून मला सगळ्यांनी एकच विचारलं, तुम्ही कुठून आलात," श्याम म्हणाला. "चांगल्या मनानंच विचारलं. मी पुणे सांगायचो, ते 'ओ नाइस' म्हणायचे, आणि संपायचं. तू घरी कसा वाजवतोस, असं विचारून उत्तर ऐकायला समोर स्टूल ओढून बसणारे हे पहिले. यांच्यामुळे माझ्या घरी अजून रविवार होतो. हेमी, तुमचे फार उपकार आहेत."

सिद्धी इंग्रजीत सांगू लागली. सुरुवातीची वाक्यं तिनं भराभर सांगितली. रविवारचं वाक्य मात्र तिला दोनदा सांगावं लागलं.

हेमी उठून उभा राहिला. त्यानं उजवा हात छातीवर ठेवला, आणि जेवणाच्या रांगेत पहिला नंबर लावून बसलेली माणसं मागे फिरून टाळ्या वाजवायला लागली.