पाठ लागू द्यायची नाही

कुस्ती लागली की मला खाली बसता येत नाही. मी म्हणते ती कुस्ती मातीतली नव्हे, टीव्हीवरची. दोऱ्यांच्या चौकोनातली, झगमगाटाची, एकमेकांच्या डोक्यात खुर्च्या घालायची. अमेरिकेत ती रात्री चालते, आणि तेव्हा आमच्याकडे नाशिक रोडला जेमतेम उजाडत असतं. नवऱ्याची प्रेसमधली पहिली पाळी, त्यामुळे डब्याची घाई. मग मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून, हातात लाटणं घेऊन, ओट्यापाशी येरझारा घालत मी सामने बघते. मोठा सामना असला की पोळ्या करपतात. दुपारी डबा उघडल्यावर नवऱ्याला कळतं, आज कुणाचा तरी विजेतेपदाचा पट्टा गेला.

सज्जन पहिलवान मला डोळ्यांसमोर नको असतात. दात दाखवत यायचं, पोराटोरांना टाळ्या द्यायच्या, अर्धा सामना मार खायचा आणि मग अंगात आल्यासारखं उठून सगळ्यांना झोडपायचं. किती वर्षं बघायचं हे माणसाने? खलनायकाला निदान डोकं चालवावं लागतं. पंचाला बोलण्यात गुंतवायचं, कोपऱ्यातल्या खांबावरची उशी गुपचूप सोडवून ठेवायची, हजारो लोकांना एकाच वेळी चिडवायचं, ही काय साधी गोष्ट आहे? आणि तो पंच! इतका बावळट माणूस दुसऱ्या कुठल्या नोकरीत आठवडाभर टिकला नसता. कुणी खुर्ची उगारली की नेमका हा स्वतःच्या बुटाची नाडी बघत असतो.

पण माझा खरा जीव हरणाऱ्यांवर. टक्कल पडलेला, पोट सुटलेला एक पहिलवान होता. मी बघायला लागले तेव्हापासून तो फक्त हरत आला. पण काय हरायचा! सामन्याच्या सुरुवातीला डावा गुडघा दुखावला की चीत होईपर्यंत डावाच पाय ओढायचा. हल्लीच्या पोरांना आपला कुठला पाय दुखत होता तेच मध्ये आठवत नाही, जिंकायच्या घाईत दोन्ही पायांनी उड्या मारतात. तिथे मला लाटणं फेकून मारावंसं वाटतं. अरे, तू नीट पडला नाहीस तर समोरच्याची ताकद दिसणार कशी?

माझी ही सगळी मतं आबांच्या लेखी कचरा. आबा म्हणजे माझे वडील. आमची शेती सायखेड्याला. तरुणपणी आबांनी जत्रांमधून कुस्त्या मारल्या आणि पुढे गावच्या तालमीत वस्ताद म्हणून पोरं तयार केली. दोघांनी आधी ठरवून केलेल्या खोट्या लढतीला आमच्याकडे नुरा कुस्ती म्हणतात, आणि हा शब्द आबा शिवी हासडावी तसा उच्चारतात.

"काय बघती गं त्यात?" ते मला विचारायचे. "नुरा हे ती समदी. कोण पडनार ते आधीच ठरेल असतं."

"लग्नातसुद्धा कोण कुणाला हार घालणार ते ठरलेलंच असतं, आबा. तरी माणसं टाचा उंच करून बघतात ना?"

"लग्नात पाठ नाय लागत कोनाची."

यावर माझा नवरा जरा जास्तच हसला होता. मी ते विसरलेले नाही.

आम्हा दोघांच्या मध्ये माझी मुलगी वाढली. सकाळी ती माझ्याबरोबर ओट्यापाशी दात घासत सामने बघायची आणि सुट्टी लागली की सायखेड्याला आबांच्या तालमीत उतरायची. आबांचा एकच कायदा होता. माती नाकातोंडात गेली तरी चालेल, पाठ लागू द्यायची नाही, कारण पाठ मातीला लागली की कुस्ती गेली. त्यांनी तो तिच्या हाडात घातला. कुणी उचलून आपटलं तर ती हवेतल्या हवेत मांजरासारखी वळायची आणि कुशीवर, पोटावर, कशावरही पडायची, पण पाठीवर नाही. पुढे ती मॅटवर खेळायला लागली, स्पर्धांना जाऊ लागली, तेव्हा मी कडेला बसून गळा बसेपर्यंत एकच ओरडायचे, "पाठ उचल!" डावपेचातलं मला काही कळत नाही. तेवढंच कळायचं.

मग एका निवड चाचणीत तिचा उजवा खांदा निखळला. तो बसवला. काही महिन्यांनी सरावात पुन्हा निखळला. डॉक्टर म्हणाले, आता परत झालं तर ऑपरेशन, आणि त्यानंतर कुस्तीचं नाव काढायचं नाही. मुलगी घरी आली आणि भिंतीकडे तोंड करून झोपून राहिली. दुपार कलल्यावर अंघोळीला जायची. मोबाइलवर मैत्रिणींच्या कुस्त्या दिसल्या की फोन पालथा ठेवायची.

अशातच तिला कळलं, सातपूरकडे एका पत्र्याच्या शेडमध्ये काही मुलं-मुली माझी कुस्ती शिकतात. माझी म्हणजे नुरा. गावोगावी शो करणारी छोटीशी कंपनी होती. मुलगी एकदा बघायला गेली, दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी उठून परत गेली. मला तर आभाळ ठेंगणं झालं. बर्फी आणून मी शेजारी वाटलीसुद्धा.

मग एक दिवस मीच तिचा सराव बघायला गेले आणि बर्फी अंगाशी आली. त्या कुस्तीत सगळ्यात आधी पडायला शिकवतात. हनुवटी छातीला लावायची, दोन्ही तळहात रिंगच्या फळ्यांवर आपटायचे आणि अख्खी पाठ एकदम टेकवायची, म्हणजे मार एका जागी बसत नाही. बाकीची मुलं धपाधप पडत होती. माझी मुलगी दर वेळी हवेत वळत होती. दर वेळी त्याच खांद्यावर येत होती. तिची तरी काय चूक? इतक्या वर्षांची सवय.

तिथे शिकवणारी बाई पुण्याची होती, घोगऱ्या आवाजाची. तिने माझ्यासमोरच माझ्या मुलीला सांगितलं, "अशी वळत राहिलीस तर खांदा जाणार, आणि तो माझ्या रिंगमध्ये गेलेला मला चालणार नाही. पुढच्या महिन्यात आपला नाशिकला शो आहे. त्यात तू हरणार आहेस. शेवटचा फटका सरळ पाठीवर घेतलास तर तू आमच्याबरोबर. नाहीतर हे इथेच थांबवू."

घरी नवऱ्याने सोफा भिंतीला सरकवला, मी घरातल्या गाद्या हॉलमध्ये अंथरल्या आणि मुलगी दिवसभर पडू लागली. खालच्या मजल्यावरच्या काकू विचारायला आल्या, फर्निचरचं काम काढलंय का? मी हो म्हटलं. काय सांगणार?

"हे बंद कर," मी एकदा तिला म्हणाले. "बँकेच्या परीक्षा दे. काहीही कर."

"आई, तूच म्हणायचीस ना, हरणाऱ्यांमुळे खेळ आहे म्हणून?"

"लोकांच्या पोरांबद्दल म्हणायचे मी."

ती हसली आणि मग गंभीर झाली. "मॅटवर समोरची माझा खांदा शोधत यायची. इथे समोरची तो सांभाळते. मला उचलताना ती विचारते, ठीक आहेस ना? मला तिथेच जायचंय."

त्या दिवसांत माझे सामनेही बिघडले. पडद्यावर कुणीही पडलं की मी डाव सोडून त्याचा खांदा बघायचे.

आबांना शोबद्दल मीच फोनवर सांगितलं. म्हणाले, "पाठ लावून घ्यायला तयार केली का म्या पोरगी? मी नाय येनार." फोन ठेवला. आणि शोच्या दिवशी दुपारी धुतलेलं धोतर नेसून दारात हजर. डोळे तपासायचेत म्हणाले. रविवारी कुठला दवाखाना उघडा असतो हे मी विचारलं नाही. रिक्षात ते माझ्या शेजारी येऊन बसले.

शो गंगापूर रोडला एका लॉन्सवर होता. एरवी जिथे नवरा-नवरी उभे राहतात तिथे रिंग उभारली होती. खुर्च्यांना लग्नातलीच सॅटिनची कव्हरं होती. माणसं बरीच जमली होती, पोरांनी मोबाइल वर धरले होते. मला एका जागी बसवेना. पाणी प्यायले, परत प्यायले, पंखा लागत नाही म्हणून खुर्ची बदलली, लागतो म्हणून परत आले.

"तुझीच कुस्ती हे का?" आबा वैतागून म्हणाले. "बस ना गुमान."

माझ्या मुलीला त्यांनी गावाकडची रांगडी मुलगी केलं होतं. ढोल वाजला आणि ती नाकात नथ, डोक्यावर भगवा फेटा अशी आली. मला ते पात्र अजिबात आवडलं नाही. गाव म्हटलं की यांना नथ आणि ढोल. आबांचा आक्षेप वेगळाच होता. "फेटा कुस्ती मारल्यावर बांधत्यात," ते पुटपुटले. "आधीच बांधून आली, आता जिंकून काय मिळवनार?"

तिच्यासमोरची मुलगी पुण्याची होती, उंच, मिजासखोर, आल्याआल्याच नाशिककरांना नावं ठेवणारी. उत्तम खलनायिका. दुसरी कुठली लढत असती तर मी तिच्या बाजूने ओरडले असते. सामना बरा रंगला. गुडघा दुखावल्याचं दाखवून माझी मुलगी मध्येच लंगडायचं विसरली ते माझ्या लक्षात आलं, मानेची पकड मात्र तिने झकास घेतली. लोक तिच्या बाजूने ओरडत होते. मी अंगठ्याचं नख कुरतडत होते.

मग शेवट आला. उंच मुलीने तिला खांद्यावर घेतलं, रिंगच्या मधोमध आणलं. मी उभी राहिले. आता वळेल, मला वाटलं, आता वळेल आणि खांदा जाईल. ती वळली नाही. हनुवटी छातीला, दोन्ही हात उघडे, अख्खी पाठ एकदम फळ्यांवर. असा आवाज झाला की पुढच्या रांगेतल्या बाईने कान झाकले. झालं होतं. तिने करून दाखवलं होतं. उंच मुलगी तिच्यावर पडली, पंच हात आपटून मोजू लागला, तीन झाले की सामना संपणार. एक. दोन.

"पाठ उचल!"

हे कोण ओरडलं ते मला ओरडून झाल्यावर कळलं. आणि माझ्या मुलीने, इतक्या वर्षांच्या सवयीने, खांदा उचलला.

पंचाचा हात हवेत राहिला. लॉन्सवर एकच कल्ला झाला. लोकांना वाटलं, हेच ठरलं होतं. पोरगी सुटली म्हणून ते खुर्च्यांवर चढले. फक्त रिंगमधल्या तिघांना, शिकवणाऱ्या बाईला आणि आम्हा घरच्यांना माहीत होतं की हे ठरलेलं नव्हतं. पंच खाली वाकून काहीतरी बोलला. उंच मुलीने माझ्या मुलीच्या कानाशी तोंड नेलं. माझ्या मुलीने मान हलवली आणि त्या सगळ्या गोंधळात एकदाच सरळ माझ्याकडे बघितलं. तिला आता परत पडायचं होतं. माझ्यामुळे.

मला ओरडून सांगायचं होतं, नको, राहू दे, चल घरी. आबांनी माझं मनगट धरलं. ऐंशीच्या घरातला हात, पण मला तो सोडवता येईना.

"गप," ते म्हणाले. "आता तोंड उघडशील तर बघ. पडू दे तिला."

तिला पुन्हा उचललं. ह्या वेळी ती दमलेली होती, अंगाला घाम होता, पकड निसटेल असं वाटत होतं. मी डोळे मिटले. आबांनी मिटले नाहीत, हे मला त्यांच्या बोटांवरून कळलं. ती पडली तेव्हा ती बोटं घट्ट आवळली गेली, पंचाचे तीन फटके ऐकू येईपर्यंत तशीच राहिली आणि मग सैल झाली.

"लागली," आबा म्हणाले. "चांगली लागली पाठ."

मी खुर्च्या ओलांडत पडद्यामागे धावले. ती एका प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून पाणी पीत होती. घोगऱ्या आवाजाची बाई तिचा खांदा चाचपत होती. मला बघून बाई म्हणाली, "खांदा शाबूत आहे. पुढच्या शोला पुण्याला येतेय ही." आणि बाजूला झाली.

मी मुलीला मिठी मारायला गेले. तिने हात पुढे करून मला अडवलं. चिडलेली नव्हती, पण हसतही नव्हती.

"आई," ती म्हणाली, "शोला आबांना पाठव. तू येऊ नकोस."

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? मला खूप लागलं ते, आणि त्याच वेळी तिच्याबरोबरच्या पोरी तिला "पुण्याला भेटू" म्हणत होत्या म्हणून इतका आनंद झाला की मी तिथेच रडले.

आता आबा जातात. एसटीने, कधी कंपनीच्या टेम्पोतून, उपरणं सावरत. नुरा हा शब्द ते हल्ली उच्चारत नाहीत. सामना संपला की मला फोन करतात. मी घरात ह्या खोलीतून त्या खोलीत फिरत असते. आज काय पडली म्हणून सांगू, ते सुरू करतात. हनुवटी कशी होती, हात कधी आपटले, समोरचीने कशी अलगद सोडली, सगळं बैजवार सांगतात. इतकी वर्षं मी ज्या गोष्टींवर वाद घातला त्याच ह्या गोष्टी, पण माझं कशात लक्ष लागत नाही.

"आबा," मी मध्येच विचारते, "उठली ना?"

"उठली गं," ते म्हणतात. "दर बारीला काय विचारती?"