केळफुलाची होडी आणि नाना

नानांची माझी ओळख केळफुलामुळे झाली. अमळनेरच्या महाविद्यालयात माझं पहिलं वर्ष. वनस्पतिशास्त्राच्या पहिल्याच प्रात्यक्षिकाला आमचे प्राध्यापक नाना पिशवीतून केळफूल घेऊन आले आणि त्याचं एकेक जांभळं पान, शास्त्रात ज्याला छद म्हणतात ते, त्यांनी प्रत्येकाच्या हातावर ठेवलं. मी चोपड्याकडच्या केळी लावणाऱ्या घरातली, अशी पानं पाटात सोडत मोठी झालेली. तरी पुस्तक उघडून ऐटीत लिहिलं, 'नौकाकार'.

नानांनी वही पाहिली. "शब्द बरोबर आहे. पण पुस्तकात पाहून लिहिलात की हातातलं पाहून?" मग त्यांनी घमेल्यात पाणी ओतून सगळ्यांची पानं त्यात सोडायला लावली. "वाकलेल्या प्रत्येक गोष्टीला हा शब्द चिकटवू नका. मध्ये खोल हवं, दोन्ही टोकं निमुळती हवीत, पाठीवर कणा हवा. नुसतं खोलगट असेल तर खोलगटच लिहा." वर्गात नाना असं नेटकं बोलत. वर्गाबाहेर पडले की शिंदखेड्याकडची अहिराणी सुरू होई.

पुढे सातपुड्याच्या पायथ्याशी सहल गेली. एका रानवेलीच्या फुलाखालचं इवलंसं पान मी घाईघाईत टीपकागदात घालून दाबलं, आकार न लिहिताच. आठवड्यानं उघडलं तर सपाट. मी बिनदिक्कत 'अंडाकृती' लिहून टाकलं. दाबलेल्या पानाची खोली कोणालाच सांगता येत नाही, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

नाना रागावले नाहीत. पुढच्या रविवारी मला आणि माझ्या मैत्रिणीला घेऊन ते एसटीनं पुन्हा तिथवर आले. स्वतःचा डबा आम्हाला दिला आणि तहान लागली तरी शोधत राहिले. बहर संपला होता. परतताना बसमध्ये एवढंच म्हणाले, "पहिले लिख, मंग दाब." माझा शब्द त्यांनी खोडला आणि आकाराची जागा कोरी ठेवली. माहीत नाही हे कबूल करायला ते कधी लाजले नाहीत. ती जागा अजून कोरीच आहे.

आज मी चोपड्याला तोच विषय शिकवते. नानांनी पंच्याहत्तरी गाठली, आणि गेली दोन वर्षं त्यांची स्मरणशक्ती हातातून निसटते आहे. आधी झाडांची नावं गेली, मग माणसांची. पानाफुलांच्या आकारांसाठी खान्देशात बोलले जाणारे शब्द ते एका वहीत जमवत होते. ती वही अर्ध्यावर थांबली. मी दर रविवारी जाते, उरलेले शब्द विचारते. बहुतेक वेळा रिकाम्या हातानं परतते आणि बसमध्ये रडू येतं, हे इथे लिहायला मला संकोच नाही.

गेल्या महिन्यात केळफूल घेऊन गेले. दारातच अक्का, म्हणजे नानांच्या पत्नी, म्हणाल्या, "काल त्यास्नी माले बी वळखं नही." मी नानांच्या हातात एक पान ठेवलं. त्यांनी ते उलटंसुलटं केलं, पाठीवरून अंगठा फिरवला. मी वाट पाहिली. त्या आकाराचा शब्द त्यांच्या तोंडी आला नाही. नानांनी समोरच्या वाटीतल्या पाण्यात पान अलगद सोडलं आणि मला विचारलं, "कोनी पोर शे तू?"

मी नाव सांगितलं, गाव सांगितलं. त्यांना काही ओळख पटली नाही. पान तरंगत होतं. मग एकदम मान वर करून म्हणाले, "लिखी लिधं का?"

मी म्हटलं, हो, लिहून घेतलं. ते खरं नव्हतं. घरी येऊन हा लेख लिहायला बसले.

नानांना निरोगी आणि दीर्घ आयुष्य लाभो. आमची नावं त्यांना आठवली नाहीत तरी चालेल. नाना, तुम्ही समोर आहात तोवर आम्ही लिहून घेतो आहोत.