तळ्यातल्या माशांचा उपास

"मॅडम, ह्या तळ्यात मासे आहेत ना नक्की?"

प्रश्न विचारणारे साहेब लोट्याच्या एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. डोक्यावर गोल टोपी, हातात परदेशातून आणलेला महागडा गळ, आणि सकाळपासून गळाला काहीही नाही. त्यांच्या मागे पायऱ्यांवर कंपनीतले बाकीचे लोक बायकामुलांसह बसले होते. त्यांचेही गळ पाण्यात होते. तेही रिकामे.

"मॅडम" म्हणजे मी. मला आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी मॅडम म्हणत होतं, आणि तेही नेमकं तळ्यात उडी मारून दिसेनासं व्हावंसं वाटत असताना.

"आहेत सर," मी म्हणाले. "पुष्कळ आहेत."

"मग काय करतायत?"

ह्याचं उत्तर मला माहीत नव्हतं. म्हणजे पुस्तकात होतं, पण पुस्तकातल्या उत्तराप्रमाणे सगळं मी आधीच केलेलं होतं.

मी रत्नागिरीला मत्स्यशास्त्राचं शिक्षण घेते. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. घर शेतकऱ्याचं, गाव डोंगराकडचं. मासा म्हणजे आठवडा बाजारातून आई आणते तेवढाच माहीत. पहिल्या वर्षी आम्हाला मिरकरवाड्याच्या बंदरावर नेलं, तेव्हा लिलावाचा आरडाओरडा ऐकून मला वाटलं भांडण लागलंय, आणि मी मैत्रिणीचा हात धरून मागे सरकले. बाबा अजून लोकांना सांगतात, "पोरगी मासळीचं कॉलेज करते." लोक विचारतात, "त्याला कॉलेज कशाला लागतं?" बाबा माझ्याकडे बघतात. मी जमिनीकडे बघते.

शेवटच्या वर्षी आम्हाला एखाद्या मत्स्यशेतकऱ्याकडे राहून काम शिकावं लागतं. मला खेडजवळचे अण्णा मिळाले. अण्णांनी उभं आयुष्य मुंबईत एका ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये काढलं आणि निवृत्त होऊन गावी आले. त्यांच्या जमिनीत चिऱ्याची बंद पडलेली खाण होती. जांभा दगड कापून नेला की जमिनीत चौकोनी, पायऱ्यापायऱ्यांचा खड्डा उरतो. पावसात तो भरतो. बाकीच्यांना त्यात डास दिसतात, अण्णांना मासे दिसले.

त्यांनी त्यात रोहू आणि कटला सोडले. मासे सोडणं म्हणजे बोटाएवढी पिल्लं विकत आणून पाण्यात सोडायची. त्यांना बोटुकली म्हणतात. मग रोज फीड द्यायचं, म्हणजे गोळ्यांचं खाद्य, आणि ती वाढवायची. अण्णांचे रोहू चांगले हातभर झाले होते.

पण अण्णांच्या डोंबिवलीच्या मुलाला ही खाण बुजवून वर दुकानाचे गाळे काढायचे होते. बापलेकांत फोनवर रोज वाजायचं. शेवटी अण्णा म्हणाले, "कंपनीवाले दर महिन्याला यायला तयार झाले तर तळं राहील. नाही झाले तर आण तुझा जेसीबी. मी आडवा यायचा नाय."

कंपनीवाले म्हणजे हेच साहेब. ते कामासाठी परदेशी गेले होते. तिथे गोड्या पाण्याच्या तळ्यांत सामन नावाचा मासा आणून सोडतात, आणि लोक पैसे भरून तो गळाने पकडतात. साहेबांनीही पकडला. परत आल्यापासून त्यांचं एकच पालुपद: आपल्याकडे असं का नाही? सामनला थंडगार पाणी लागतं. आमच्या मे महिन्यात तो तळ्यातच शिजेल. पण रोहू चालेल असं साहेब म्हणाले, आणि रविवार ठरला.

अण्णांनी मला विचारलं, "वैशू, गळाला मासे लागतील ना गो? तुझ्या शब्दावर मी त्यांना हो म्हणतोय."

माझ्या शब्दावर आजवर घरात चहासुद्धा कोणी ठेवला नव्हता. मी रात्री पुस्तक काढलं, कॉलेजातल्या माझ्या गाईड मॅडमना फोन केला आणि सकाळी सांगितलं, "लागतील. पण आधी दोन दिवस त्यांना उपाशी ठेवावं लागेल."

ही काही क्रूर गोष्ट नाही. पोट भरलेला रोहू गळाच्या आमिषाकडे ढुंकून बघत नाही. तळ्यातले मासे पकडायच्या आधी फीड बंद करतातच. मासा थंड रक्ताचा, दोन दिवस न खाता मजेत राहतो.

काकींना, म्हणजे अण्णांच्या बायकोला, हे पटलं नाही. "दोन दिवस? काहीच नाय?"

"काहीच नाही काकी. उपास समजा."

"निर्जळी?"

"मासे निर्जळी कसे करतील काकी? पाण्यातच आहेत ते."

अण्णा खो खो हसले. काकी हसल्या नाहीत. मी फीडच्या खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात घातली. वाटलं, काम झालं.

रविवारी कंपनीची बस वेळेआधीच आली. एका बाईंनी उतरल्या उतरल्या विचारलं, "इथे मगर नाही ना?" कारण जवळच्या जगबुडी नदीत मगरी आहेत हे खेडात सगळ्यांना माहीत. अण्णा म्हणाले, "नाय हो ताई, मगरीला परवडत नाय इथलं फीड." सगळे हसले. काकींनी पायऱ्यांवरच घावणे आणि नारळाचा रस वाढला. मी गळांना कणकेच्या गोळ्या लावत बसले होते. सगळं कसं मनासारखं चाललं होतं.

मग गळ पाण्यात पडले आणि तिथेच राहिले.

ऊन चढलं. मुलं कंटाळून दगड मारायला लागली. साहेबांनी पाण्याकडे बघत म्हटलं, "तिकडे पाच मिनिटांत लागायचा."

सगळ्यांत लाजिरवाणी गोष्ट म्हणजे मासे दिसत होते. लपले असते तर काही बोलता तरी आलं असतं. ते काठाशी येत, कणकेच्या गोळीभोवती एक सावकाश चक्कर मारत आणि निघून जात. लग्नात जेवून उठलेल्या माणसाला कोणी परत पंगतीत बसायचा आग्रह करावा, तसे.

अण्णा माझ्याजवळ आले. "वैशू, आजारी नाहीत ना गो?"

पाण्यातला ऑक्सिजन मी सकाळीच तपासला होता. चांगला होता. आता एकच उपाय होता. मी पाग घेतला, म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं, आणि खाणीच्या पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन एक रोहू काढला. मागच्या पडवीत विळीवर घेऊन त्याचं पोट उघडलं. रोहूला आपल्यासारखं जठर नसतं, लांबच लांब आतडं असतं. दोन दिवस उपाशी असेल तर ते रिकाम्या सुतळीसारखं दिसतं.

हे आतडं भरलेल्या उशीसारखं होतं.

मी ते उभं चिरलं. मागच्या बाजूला तपकिरी. त्याच्या पुढे पांढरं, चिकट. त्याच्या पुढे पुन्हा तपकिरी. आणि अगदी तोंडाजवळ पांढराशुभ्र भुगा, त्याला खोबऱ्याचा वास.

"काकी," मी हाक मारली. "जरा येता का?"

काकी आल्या. मागोमाग अण्णाही आले. दोघांनी आतड्याकडे बघितलं.

"हे पांढरं काय आहे?" मी विचारलं.

काकींनी पदर सारखा केला. "साबुदाणा असेल."

"साबुदाणा?"

"भिजवलेला गो. मूठभरच टाकला. मी भांडी घासायला गेले की सगळे काठाशी येऊन तोंड उघडून बसतात. बघवत नाय. आणि उपासाला साबुदाणा चालतोच की."

"आणि हे तपकिरी?"

काकींनी अण्णांकडे बोट केलं. अण्णा छपराकडे बघायला लागले.

"अण्णा?"

"शेंगदाण्याची पेंड. गोठ्यातली," अण्णा म्हणाले. "मूठभरच. पाहुणे येणार, मासे मरगळलेले दिसले तर काय म्हणतील? आणि शेंगदाणा उपासाला चालतो."

"मला सांगत होतात, दाणा टाकायचा नाय!" काकी अण्णांवर घसरल्या. "आणि स्वतः चोरून पेंड?"

"तू साबुदाणा टाकलास तो काय वाजत गाजत?"

"मी बाई आहे, मला दया येते. तुम्ही तर शिस्तीचे ना कॅन्टीनचे!"

"आणि हे खोबरं?" मी मधेच विचारलं.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग मलाच कळलं. मी कणकेच्या गोळ्या करत होते तेव्हा माझ्या पाठीमागे कंपनीची मुलं आपापला अर्धा घावणा पाण्यात सोडत होती. काकी त्यांना, खा रे, अजून आहेत, म्हणत आणखी वाढत होत्या.

मी खाली बसले. मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं, आणि त्यांतलं आधी कोणतं येऊ द्यावं ते ठरत नव्हतं. बाहेरून साहेबांचा आवाज आला, "अण्णा, आम्ही निघतो मग जेवून."

अण्णांचा चेहरा उतरला. ते हळूच म्हणाले, "जाऊ दे पोरी. तुझी चूक नाय ह्यात." ते ऐकल्यावर मात्र मला रडूच आलं असतं. म्हणून मी घाईघाईने डोकं चालवलं.

"अण्णा, तळ्यात असा एखादा मासा आहे का, जो साबुदाणा खात नाही?"

"असा कुठला असणार? हिच्या हातचं सगळे खातात."

पण बोलता बोलता ते थांबले. "जिताडे सोडलेले गो मी. दोन पावसाळ्यांमागे, खाडीवरच्या माणसाकडून घेऊन. तेव्हापासून एकाचं तोंड दिसलं नाय. मेले असतील."

जिताडा म्हणजे खाडीच्या तोंडाशी सापडणारा मोठा, चविष्ट मासा. तो गोड्या पाण्यात सोडला तरी जगतो आणि वाढतो. पण तो फीडच्या गोळ्यांकडे बघत नाही. भात, पेंड, साबुदाणा काही नाही. त्याला हलतं, पळतं, जिवंत भक्ष्य लागतं. म्हणून तो काठाशी तोंड उघडून कधी आला नसणार. आणि आमच्या खाणीत चिलापी नावाच्या बारक्या माशांचा सुळसुळाट व्हायला हवा होता, तो नव्हता. चिलापी एकदा तळ्यात शिरली की आवरत नाही. इथे ती इतकी कमी का, हे मी आल्यापासून रिपोर्टात प्रश्नचिन्ह घालून ठेवलं होतं.

कोणीतरी ती खात होतं. आणि आता तीही संपत आली होती.

मी पुन्हा पाग फेकला. एक बोटभर चिलापी मिळाली. ती घेऊन साहेबांसमोर गेले.

"सर, जायच्या आधी एकदा हे लावून बघाल? त्या खोल कोपऱ्यात."

"काय लागेल?"

खोटं बोलायची माझी तयारी नव्हती. "सर, कदाचित काहीच नाही. पण लागला तर रोहू नसेल."

साहेबांनी खांदे उडवले आणि गळ टाकला.

चिलापी पाण्यात एकदा वळली. मग तिच्या खालचं पाणी फुगलं, आणि फाट्कन आवाज झाला. साहेबांच्या गळाची काठी अर्ध्या वर्तुळासारखी वाकली आणि साहेब पायऱ्यांवरून एकेक पायरी खाली जायला लागले.

"धरा! साहेबांना धरा!" अण्णा ओरडले आणि त्यांनी साहेबांचा पट्टा मागून पकडला. काकींनी अण्णांचा सदरा पकडला. मुलं किंचाळायला लागली. काकी ओरडत होत्या, "सोडू नका हो! मेला दोन वर्षं उपाशी आहे!"

आणि मग तो वर आला. पाण्याबाहेर, पूर्ण. चांदीसारखा, माझ्या हाताएवढा लांब, तोंड आ वासलेलं. डोकं त्याने दोनदा झाडलं.

दोरी तुटली.

साहेब मागे अण्णांवर, अण्णा काकींवर, आणि तिघंही पायरीवर बसले. पाण्याच्या लाटा काठावर आपटत राहिल्या.

मी सॉरी म्हणायला तोंड उघडलं. साहेबांनी हात वर करून मला थांबवलं. त्यांची टोपी पाण्यात तरंगत होती. ते तिच्याकडे बघतही नव्हते.

"अण्णा," ते म्हणाले, "हा मासा दुसऱ्या कोणाला पकडू द्यायचा नाही."

"नाय देणार."

"जाळ्यानेही काढायचा नाही."

"नाय काढणार."

"पुढच्या महिन्यात मी जाड दोरी घेऊन येतो. त्याच्या पुढच्या महिन्याचंही धरून ठेवा. लगेच नाही मिळाला तर?"

साहेब अजून दर महिन्याला येतात, बसभर माणसं घेऊन. माणसं रोहू पकडतात, कारण आता दोन दिवस आधीपासून काकी आणि अण्णा एकमेकांवर पहारा ठेवतात, आणि घावणे घराच्या पडवीत वाढले जातात. साहेब रोहूला हात लावत नाहीत. ते खोल कोपऱ्यात बसतात. जिताडा त्यांना अजून लागलेला नाही. जेसीबीही आलेला नाही.

माझ्या रिपोर्टात मी शेवटी शिकलेली गोष्ट लिहिली: मासे उपाशी ठेवणं सोपं आहे, फक्त आधी घरातल्या माणसांना ओंजळभर पाणी हातात घेऊन शपथ घ्यायला लावावी. गाईड मॅडमनी ते वाक्य खोडलं. चिलापीचं प्रश्नचिन्ह मात्र त्यांनी काढायला सांगितलं नाही. उलट शेजारी बारीक अक्षरात लिहिलं, "पुढच्या महिन्यात मीही येते."