मामाजींची मुलाखत

माझे सासरे नाटकांचे पडदे रंगवत. आमच्या सिंदेवाहीकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात, म्हणून लग्न झाल्यापासून मीही मामाजीच म्हणत आले. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत, पूर्व विदर्भातल्या या धानाच्या मुलखात, गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते, मंडईत रात्रभर नाटक होतं आणि नाटकाला मागे पडदा लागतो. राजवाडा, जंगल, गावातला रस्ता, श्रीमंताची बैठक. हे सगळं मामाजींच्या हातचं असे. पुढे छापील पडदे आले आणि त्यांना बोलावणं कमी होत होत थांबलं. मग ते घरीच हार्डबोर्डाच्या तुकड्यांवर चित्रं काढू लागले. तलावात जाळं टाकणारे लोक, धानाची रोवणी करणाऱ्या बाया, शेताच्या बांधीत उभी म्हैस. विकायची नसत. वाळली की भिंतीला टेकवून ठेवत आणि दुसरं घेत.

बोलायला फार मजेशीर माणूस. चेहऱ्यावरची रेघ हलू न देता बोलत, त्यामुळे ऐकणाऱ्याला हसू यायला जरा उशीर लागे. सासूबाई होत्या तेव्हा त्या म्हणत, "या माणसाशी भांडताच येत नाई, मधातच हसू येते." त्या गेल्यावर हे बोलणं माझ्या वाट्याला आलं. नवरा बल्लारपूरला कामाला, पहाटेच्या गाडीने जातो आणि दिवेलागणीनंतर येतो. मी अंगणवाडीतून दुपारी परत आले की मामाजी आणि मी, दोघंच घरी.

त्या वर्षी नागपूरच्या एका वाहिनीच्या बाई मंडईचं चित्रीकरण करायला आल्या होत्या. जुन्या पडद्यांची चौकशी करत करत आमच्या घरी पोचल्या. मामाजींनी त्यांना चहा पाजला, चित्रं दाखवली, आणि निघताना त्या बाई म्हणाल्या की यांना आमच्या गप्पांच्या कार्यक्रमात आणायचंच. नवऱ्याला सुट्टी नव्हती, म्हणून मी सोबत गेले. एसटीत मामाजी खिडकीशी बसले होते, धुतलेलं धोतर आणि लग्नकार्यात घालायची टोपी.

स्टुडिओत एका मुलीने त्यांच्या चेहऱ्याला पावडर लावली. ते आरशात तिचा हात बघत होते. मग म्हणाले, "बरोबर आहे बाई. मीबी पडद्याले आंधी पांढरा हात मारतो. खालचं काही दिसू नाई म्हनून."

मुलाखत घेणारा तरुण होता, त्यांना आजोबा म्हणत होता. मी कॅमेऱ्यांच्या मागे खुर्चीवर बसले होते. त्याने विचारलं, "आजोबा, तुमचं शिक्षण किती?"

"चवथी. पाचवीत मास्तराचं चित्र काढलं. ते हुबेहूब जमलं, म्हनून शाळा सुटली."

"आयुष्यभर तुम्ही जंगलाचे पडदे रंगवले. जंगलाने तुम्हाला काय शिकवलं?"

"दिवस बुडाच्या आंधी घरी याचं."

तिथले कॅमेरावाले हसायला लागले. आमच्याकडे जंगलात मोहफुलं वेचायला गेलेली माणसं कधी कधी वाघामुळे परत येत नाहीत, हे त्यांना ठाऊक असेल नसेल. मामाजी सरळ समोर बघत होते.

"पण तुमच्या पडद्यावरचा वाघ फार शांत दिसतो."

"तो नाटक कंपनीच्या नोकरीत आहे, भाऊ. त्याले रोज स्टेजवर याचं रायते. खाऊन कसं चालन?"

"कधी वाटलं नाही का, मुंबईला जावं, नाव करावं?"

"वाटलं ना. पन मुंबईलेबी वाटाले पाह्यजे, का हा यावा."

शेवटी त्याने विचारलं की आयुष्यातली सगळ्यात मोठी दाद कोणती. मामाजींनी टोपी सारखी केली. म्हणाले, "एका नाटकात नवी हिरोईन होती. मी रंगवलेलं दार खरं समजून पयत गेली. कपाराले हे येवढं टेंगूळ आलं. माया हाताची अशी तारीफ पुन्हा कोनी केली नाई."

परत येताना ते एसटीत झोपले. घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, कसं झालं? मामाजी म्हणाले, "त्यायच्यापाशी खुर्च्या चांगल्या आहेत."

कार्यक्रम दाखवायला वेळ होता. दरम्यान एका सकाळी मामाजी अंगणात नळाजवळ तोंड धूत होते आणि मला लोटा पडल्याचा आवाज आला. मी गेले तर ते भिंतीला धरून उभे होते आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. शेजाऱ्यांच्या गाडीने चंद्रपूरला नेलं. जीव वाचला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली.

वाचा गेली म्हणजे आवाज गेला नव्हता. एक शब्द राहिला होता, पानी. तहान लागली तरी पानी, कूस बदलायची असली तरी पानी, नवरा कामावरून आला की त्याच्याकडे बघूनही पानी. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की त्यांना कळतं सगळं, सांगायचंही असतं, पण तोंडातून तेवढाच शब्द निघतो. पहिल्या दिवसांत मी प्रत्येक वेळी पेला भरून आणायची. ते पेल्याकडे बघायचे, मग माझ्याकडे, आणि मान फिरवायचे.

बोलायला शिकवणारे डॉक्टर नागपूरला होते. त्या पावसाळ्यात आम्ही त्यांना तिकडे काही वेळा नेलं. त्या मॅडम चित्रांचे कार्ड दाखवायच्या, गाय, घर, छत्री. मामाजी छत्रीचं कार्ड डाव्या हातात धरून लांब करून, जवळ आणून बघत राहिले. काढणाऱ्याचं चुकलं होतं बहुधा. मॅडम म्हणाल्या, "बोला, छ." ते म्हणाले, "पानी." प्रवासाने त्यांना ताप यायला लागला, तेव्हा जाणं थांबवलं. फरकही पडत नव्हता.

आणि मग कार्यक्रम लागला. वाहिनीला आम्ही काही कळवलं नव्हतं, सुचलंच नाही. आम्ही तिघं बघत होतो, मामाजी बाजेवर उशांना टेकून. पडद्यावरचे मामाजी बोलायला लागले तसा नवरा हसला. वडिलांचं बोलणं त्याने कितीतरी दिवसांनी ऐकलं होतं. मग त्याने बाजेकडे पाहिलं आणि तो उठून बाहेर गेला. मामाजी शेवटपर्यंत बघत होते. जसं दुसऱ्याने केलेलं काम तपासतात तसं.

दुसऱ्या दिवसापासून मुलाखतीतला तो वाघाचा तुकडा सगळ्यांच्या मोबाईलवर आला. माझ्या अंगणवाडीतल्या आयांनी दाखवला, माहेरून आला, राजुऱ्याहून आला. खाली लोकांनी लिहिलेलं मी वाचायची. आजोबा, तुम्ही आमच्या घरी राहायला या. आजोबा, आज मी कितीतरी महिन्यांनी हसले. माझे आजोबा अगदी असेच बोलत. मी मामाजींना वाचून दाखवू लागले. एक दिवस त्यांनी डावा हात फोनवर ठेवला आणि फोन खाली दाबला. मग वाचलं नाही.

लोक घरी यायला लागले. चांगले लोक होते, एकालाही मी वाईट म्हणणार नाही. फळं आणायचे, पाया पडायचे. दारात आले की चेहरा आधीच हसायला तयार असायचा. मी बाहेरच गाठून सांगायची, लकवा मारला आहे, बोलता येत नाही. तरी ते आत येत, मामाजींपुढे बसत आणि वाट बघत. मामाजी प्रत्येकाकडे नीट बघून म्हणत, "पानी." काही जण घाईने उठून पाणी आणायला जात. काही जण हसत, त्यांना वाटे यातही काही गंमत असेल.

राजुऱ्याकडची एक बाई आली होती. माझ्याच वयाची, नवऱ्याच्या दुचाकीवर मागे बसून एवढ्या लांब आलेली. तिचे वडील नुकतेच गेले होते. म्हणाली, "मी रोज सकाळी तुमच्या मामाजींचं बोलणं लावतो, मंग सैपाकाले लागतो. माया बाबाचा आवाज असाच होता." तिने मामाजींचा हात हातात घेतला. तोच उजवा हात, ज्याला काही कळत नव्हतं.

"एक वेळ बोला ना बाबा," ती म्हणाली. "मले नुसतं 'का पोरी' म्हना."

मामाजींनी खूप जोर लावला. मानेच्या शिरा फुगल्या. तोंडातून तोच शब्द निघाला. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला आणि पुन्हा तोच.

तिने मला विचारलं, "कधी येईन बोलनं?"

"नाई येनार," मी म्हणाले. "आता जेवढं आहे तेवढंच."

ती रडायला लागली. तिला सैपाकखोलीत नेऊन मी पाठीवरून हात फिरवत राहिले. तिची समजूत घालता घालता मला वाटलं, माझं रडणं राहूनच गेलं आहे. पण तिला चहा करायचा होता. तिचा नवरा दारात उभा होता, अंधाराच्या आत त्यांना निघायचं होतं.

कोणीतरी शाळेच्या मुलांची असते तशी रंगपेटी आणून दिली. मी एक दिवस हार्डबोर्ड मांडीवर ठेवला, ब्रश डाव्या हातात दिला. त्यांनी ब्रश बोटांनी फिरवून पाहिला, केस दाबून पाहिले, आणि धोतराच्या टोकाला पुसून बाजेखाली ठेवून दिला. मी पुन्हा दिला नाही.

मग दिवाळी झाली, मंडया सुरू झाल्या. शेजारच्या गावातल्या नाट्यमंडळाची माणसं आली. त्यांना मामाजींचा सत्कार करायचा होता. नवऱ्याने स्पष्ट सांगितलं, "ते बोलत नाईत." मंडळाचा अध्यक्ष म्हणाला, "बोलाची गरज नाई भाऊ, लोकायले त्यायले फक्त पाह्याचं आहे. आमच्या गावाले त्यायचे पडदे लागले आहेत जनमभर." नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, त्यांना बरं वाटेल. आम्ही हो म्हटलं.

दुपारची वेळ होती, नाटकाच्या मंडपातच कार्यक्रम. मामाजींना खुर्चीसकट उचलून स्टेजवर चढवलं. मंडप भरलेला, बाया पोरांना कडेवर घेऊन उभ्या. शाल दिली, नारळ दिला. मागे पूर्वी पडदा लागायचा तिथे मोठा चमकता स्क्रीन होता. त्यावर त्यांनी मुलाखत लावली. उजेडामुळे चित्र दिसत नव्हतं, पण भोंग्यांतून आवाज साऱ्या मंडईत जात होता. आपल्याच आवाजाकडे पाठ करून मामाजी बसले होते. लोक प्रत्येक वाक्याला हसत होते, पुढचं वाक्य आधीच म्हणत होते. सगळ्यांना पाठ झालं होतं.

ते संपलं आणि निवेदकाने, त्याला कोणी सांगितलं नसावं, माईक मामाजींच्या तोंडाशी धरला. "आता आपल्या लाडक्या आजोबांनी दोन शब्द बोलावे."

मी स्टेजच्या पायरीशी होते. मला वर जायला जागा नव्हती.

मामाजी म्हणाले, "पानी."

मंडप हसला. टाळ्या पडल्या. निवेदक म्हणाला, "पाहा, आजोबांनी आल्याआल्या पाणी पाजलं आपल्याले." मामाजींनी डाव्या हाताने माईक धरला आणि मोठ्याने, एकेका माणसाला सांगितल्यासारखं म्हणत राहिले, पानी, पानी, पानी. लोक हसतच होते. पहिल्या रांगेतली एक म्हातारी तेवढी हसायची थांबली, पदर तोंडाला लावून बसली. नवऱ्याने वर चढून माईक काढून घेतला. त्याला मामाजींची बोटं एकेक करून सोडवावी लागली.

आम्ही गाडीने परत निघालो. शाल त्यांच्या खांद्यावरून घसरत होती, मी ती सारखी वर घेत होते. घरी आल्यावर नवरा म्हणाला, "आता कोनाले हो म्हनू नको." मी कबूल केलं. पण कोणी विचारायलाही आलं नाही फारसं. लोक दुसऱ्या कोणाचं काही बघू लागले असतील.

तेव्हापासून मामाजी भिंतीकडे तोंड करून झोपतात. घास भरवला की खातात, अंग पुसताना हात उचलतात. पूर्वी माझी चाहूल लागली की मान वळवायचे, ते आता नाही. दुपारी घरी मी एकटीच बोलते. अंगणवाडीत काय झालं, कोणाचं लेकरू आजारी आहे, भाजी काय करू. आधी मी उत्तरासाठी थांबायची. आता थांबत नाही.

परवा तपासणीला चंद्रपूरला नेलं. डॉक्टर नवीन होते. त्यांनी मामाजींकडे नीट पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "हे ते टीव्हीवाले ना? वाघवाले?" त्यांनी नर्सला बोलावलं. म्हणाले, "आम्ही होस्टेलवर यांचा व्हिडिओ किती वेळा पाहिला असेल." मामाजींच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी फोटो काढला, मला विचारून काढला. मग पाय वाकवून पाहिला, डोळ्यात टॉर्च मारला, जुने कागद चाळले.

"काही सुधारणा?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी गोळ्या त्याच ठेवल्या. म्हणाले, एवढ्या लांब सारखं आणायची गरज नाही, त्रास वाढला तरच आणा. नवऱ्याने मामाजींना उचलून रिक्षात बसवलं, मी बाजूने आधार दिला, आणि आम्ही स्टेशनवर आलो.